काल्पनिक आहे हे ठाऊक असूनही गोष्ट आपल्याला का धरून ठेवते?

प्रश्न

गोष्टीतली माणसे कधीच अस्तित्वात नव्हती हे पूर्ण ठाऊक असताना आपण त्यांच्यासाठी हळहळतो, त्यांच्या संकटात अस्वस्थ होतो आणि पुढे काय झाले हे कळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. जे घडलेच नाही त्यासाठी माणूस इतका वेळ आणि इतकी भावना खर्च करतो, याचा जगण्याशी काय संबंध असावा? करमणूक हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण गोष्टीने करमणूक का व्हावी, हाच माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाची दिशा मला फार मोलाची वाटते. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. त्यांनी एक छोटी चित्रफीत तयार केली, जिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरत होते. याखेरीज त्यात काहीही नव्हते. काय दिसले ते लिहा, एवढेच सांगितलेल्या ३४ जणांपैकी केवळ एकाने आकृत्यांच्या हालचालींचे भूमितीच्या भाषेत वर्णन केले. इतर सर्वांना त्यात कोणीतरी सजीव दिसले, आणि बहुतेकांनी मोठा त्रिकोण दांडगाई करतो, दुसरे दोघे त्याच्या तावडीतून सुटू पाहतात, अशी सरळ गोष्टच लिहिली.

आपण पडद्यावर आकृत्या पाहत आहोत, हे त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु समोरच्याच्या मनात काय चालले आहे, त्याला काय हवे आहे, तो आता काय करील, याचा अंदाज बांधणारी आपली शक्ती खऱ्याखोट्याचा निवाडा होईपर्यंत थांबत नाही. माणसाचे सारे जगणे इतर माणसांवर अवलंबून असल्यामुळे ही शक्ती सतत जागी असावी लागते, आणि गोष्ट तिला नेमके तिचेच खाद्य पुरवते. म्हणून काल्पनिक माणसासाठी येणारे अश्रू मला विचित्र वाटत नाहीत. ज्या समजुतीने आपण शेजारच्या माणसाचे दुःख ओळखतो, तीच समजूत तेथेही काम करीत असते.

प्रतिसाद २

वरील विवेचन मला पटते, पण त्यातून आपल्याला गोष्ट का दिसते एवढेच कळते. आपण ती दुसऱ्याला का सांगतो, हे त्यातून उलगडत नाही. मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांनी दक्षिण आफ्रिका खंडातील कलहारी प्रदेशात राहणाऱ्या जुहोआन्सी लोकांच्या संभाषणांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. दिवसाची बोलणी मुख्यतः अन्न, व्यवहार आणि एकमेकांविषयीच्या तक्रारी यांभोवती फिरत, तर रात्री शेकोटीभोवतीच्या संभाषणांपैकी ८१ टक्के गोष्टींची होती. दूर राहणारी माणसे, जुने तंटे, लग्ने, प्रवास हे सगळे तेथे येई, आणि त्यामुळे प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसांशीही ऐकणाऱ्यांचे नाते जुळून राही. फिलिपीन्समधील आग्ता या शिकारी-संग्राहक समाजावरील २०१७ च्या अभ्यासात, ज्या वस्त्यांत चांगले कथेकरी अधिक होते तेथील लोक परस्परांशी अधिक सहकार्याने वागताना आढळले.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचे उदाहरण इंडोनेशियातील सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटाचे वाटते. तेथे १९०७ साली सुनामीने मोठी प्राणहानी केली. जमीन जोराने हादरली आणि पाठोपाठ समुद्र मागे हटला तर डोंगराकडे धावा, ही त्या अनुभवाची शिकवण ‘स्मोंग’ या नावाने आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि गाण्यांतून पुढील पिढ्यांकडे गेली. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंप झाला तेव्हा लोक उंचावर गेले, आणि सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर केवळ ७ जण दगावले. हीच सूचना कोरड्या नियमाच्या रूपात दिली असती, तर जवळजवळ शंभर वर्षे तिची गरजच न पडल्यामुळे ती विसरली गेली असती, असे मला ठामपणे वाटते. ऐकणाऱ्याला गोष्ट गोष्ट म्हणूनच हवीशी वाटते. तिच्या पोटातले ज्ञान तिच्याबरोबर टिकून राहते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सिमेउलुएची माहिती वाचून या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तरीही एक शंका उरते. गोष्टीची ओढ इतकी प्रबळ असेल, तर तीच आपल्याला फसवीतही असेल ना?

प्रतिसाद १

होय, आणि हे मान्य केल्याशिवाय आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर पूर्ण होणार नाही. तीव्र अपस्मारावरील उपचार म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधील जोडणी छेदली होती, अशा रुग्णांचा मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गझानिगा यांनी अभ्यास केला. एका रुग्णाच्या डाव्या अर्धाला कोंबडीच्या पायाचे आणि उजव्या अर्धाला बर्फाने वेढलेल्या घराचे चित्र दाखवले. मेंदूचा डावा अर्ध उजवा हात चालवतो आणि उजवा अर्ध डावा. मग समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने बर्फ उपसायचे फावडे. कारण विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या अर्धाने, ज्याने बर्फ पाहिलेच नव्हते, क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. तो खोटे बोलत नव्हता. हाती असलेल्या तुकड्यांची जुळणी करून त्याच्या मनाने कारण तयार केले आणि त्यालाच ते खरे वाटले.

न्यायनिवाड्याच्या बाबतीत याचे परिणाम गंभीर होतात. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांच्या १९८८ च्या प्रयोगात ज्या बाजूचा पुरावा घटनाक्रमाने, गोष्टीसारखा मांडला गेला, तिच्याकडे ज्यूरीच्या भूमिकेतील लोकांचा कौल अधिक झुकला. तोच पुरावा साक्षीदारांच्या क्रमाने, विस्कळीतपणे समोर आला की त्याचे वजन कमी होई. म्हणजे सलग कथन आपल्याला पटते तेव्हा त्या पटण्यात पुराव्याइतकाच मांडणीचाही वाटा असतो, आणि आपल्या मनाला हे दोन वाटे आपण होऊन वेगळे करता येत नाहीत.