मूल्यमापनाची पुस्तकं वाचलीत, म्हणूनच बोलतेय

खडूची धूळ

परवा इथे एका प्राध्यापक महाशयांनी लिहिलं की शाळांत मूल्यमापनाचा बोजवारा उडतो, कारण बी.एड.चा निकाल लागला की शिक्षक मूल्यमापनाचं पुस्तक रद्दीत घालतात. सर, मी घातलं नाही. तीन आहेत माझ्याकडे, तिन्ही मराठी. एकात 'सप्रमाणता', दुसऱ्यात 'यथार्थता', तिसऱ्यात 'वैधता'. पहिल्या वर्षी मला वाटायचं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत; अर्थ एकच, चाचणी जे मोजायचं तेच मोजते का. चांगल्या कसोटीची वैशिष्ट्यं पाठ केली. २५ गुणांच्या घटक चाचणीचा संविधान तक्ता (कुठल्या घटकाला, कुठल्या प्रकारच्या प्रश्नाला किती गुण याचा आराखडा) केला, आडव्या-उभ्या बेरजा जुळेपर्यंत. (आधी प्रश्न काढायचे, मग तक्ता बसवायचा. खोटं बोलू नका, तुम्हीही तेच केलंत.)

मग जि.प. शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला. फळ्यावर दहा वजाबाक्या दिल्या. एका मुलीच्या पाच बरोबर, पाच चूक. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. फुल्या मारल्या, ५/१०, म्हणजे श्रेणी क-२. तिच्या शेजारच्या पोराचेही पाचच, तोही क-२. दोघांना जवळ बसवून विचारलं ते पार आठवड्याने. मुलगी म्हणाली, "बाई, सातातनं दोन गेले पाच, पाचातनं दोन गेले तीन." मोठ्यातून लहान काढायचं, वर कोण खाली कोण बघायचंच नाही. बिनहातच्याच्या पाचही तिला अचूक आल्या होत्या. आणि पोराच्या वहीत २७ चे २१ झाले होते, ४६ चे ४०. त्याने जे आकडे उतरवले होते त्यांची वजाबाकी बरोबर होती! त्याला फळा दिसत नव्हता. एकीला दशक सुटा करायला शिकवायचं होतं, दुसऱ्याला चष्मा हवा होता, आणि माझ्या नोंदवहीत दोघं क-२.

तिन्ही पुस्तकं मिळून मुलाच्या वहीचं एक पान नाही. एकसुद्धा.

प्राध्यापक (विनाअनुदानित)

ती पोस्ट माझीच. बाई, 'नैदानिक चाचणी व उपचारात्मक अध्यापन', म्हणजे चूक नेमकी कुठे होते ते शोधून तेवढं पुन्हा शिकवणं, हे प्रकरण तुमच्या पुस्तकात नव्हतं, की ऑप्शनला टाकलं होतं? तुमची ही मुलगी त्याच प्रकरणातली. मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल स्क्रिव्हनने १९६७ साली आकारिक (शिकताना करायचं) आणि साकारिक (शेवटी करायचं) मूल्यमापन हा भेद मांडला तो याचसाठी, की शिकणं चालू असतानाच बघा आणि शिकवणं बदला. तुम्ही आठवड्याने का होईना, तेच केलंत. मग पुस्तकाने तुमचं काय घोडं मारलं?

आणि लिहिणाऱ्याचंही ऐका. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जे मुद्दे, त्याच क्रमाने लिहायचे. एखादा वाढवला तर प्रकाशक पानं मोजतो, गाळला तर मुलं दुसरं पुस्तक घेतात. मी तीन प्रकरणं लिहिलीत एका पुस्तकात. मानधन: पुस्तकाच्या पाच प्रती. त्यातल्या दोन प्राचार्यांनी नेल्या.

खडूची धूळ

प्रकरण आहे, मान्य. सव्वा पान. पायऱ्या सात, आणि उदाहरण म्हणून काय, तर 'उदा. गणितातील चुका'. बास. आणि 'साकारिक' आता तुमच्याच पुस्तकात उरलाय. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आम्ही 'संकलित' लिहितोय.

दहावीचा बाप

अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे शाळेनेच द्यायचे गुण, काय चीज आहे ते आम्हाला विचारा. माझ्या थोरल्याच्या शाळेत तोंडी परीक्षा व्हायची ती कागदावर. पोरगा म्हणाला, "बाबा, मला काही विचारलंच नाही, १९ दिले." २०१९ ला बोर्डाने भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडीचे २० काढून घेतले तर दहावीचा निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० वर. पुढच्या वर्षी परत दिले, लगेच ९५.३०. हे तुमचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन का काय ते.

माई, निवृत्त

आकडे फेकताना पुरते फेकावेत. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रम नवीन होता, कृतिपत्रिका (कृतींवर आधारलेल्या प्रश्नपत्रिका) नवीन होत्या. आणि २०२० ला भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही, सरासरीने गुण दिले. सगळं तोंडीच्या माथी कशाला?

३१ वर्षं तोंडी घेतली मी, तीही खरीखुरी. एक मुलगा लेखीत कसाबसा काठावर. तोंडीला त्याला पाठातला उतारा बाजूला ठेवून घरचं विचारलं, तर मेंढराची लोकर कशी कातरतात ते दहा मिनिटं असं सांगितलं की बाहेरच्या परीक्षक बाई पेन खाली ठेवून ऐकत बसल्या. त्याला मी २० पैकी १९ दिले, आणि आजही देईन.

दहावीचा बाप

माई, तुमच्यासारखे किती? बरं, २०२१ बोला. परीक्षाच नाही, निकाल ९९.९५!

माई, निवृत्त

त्यात ५० गुण नववीच्या निकालावरून धरले होते.

दहावीचा बाप

आणि नववीचा निकाल कोण लावतं? बोर्ड की माझे सासरे?

माई, निवृत्त

सासऱ्यांनी लावला असता तर तुम्ही कुठल्या श्रेणीत बसला असता ते दिसतंच आहे.

टँकरवाडीचा मास्तर

दोघं भांडा निवांत, मी तेवढ्यात कबुली देऊन टाकतो. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी मी छापील पुस्तिकेतून उतरवतो. 'विशेष प्रगती', 'आवड/छंद', 'सुधारणा आवश्यक', प्रत्येकाखाली शंभरभर वाक्यं तयार मिळतात. ४३ पोरं, सगळे विषय, वर पोषण आहाराची नोंद, चाचणीचे गुण चॅटबॉटवर भरायचे. एकदा ओळीने उतरवत गेलो आणि एका पोराच्या नशिबी आलं 'पोहण्याची आवड आहे'. आमच्या गावाला फेब्रुवारीतच टँकर लागतो. त्याची आई प्रगतिपुस्तक घेऊन शाळेत आली, "मास्तर, हा कुठं पोहतो? विहिरीवर जातो का मला न सांगता?" पोराने आधीच मार खाल्लेला.

प्राध्यापक साहेब, त्या पुस्तिकेचा खप तुमच्या पुस्तकापेक्षा दांडगा आहे. ती कामाला येते.

प्राध्यापक (विनाअनुदानित)

म्हणजे तुम्ही खोट्या नोंदी करणार आणि पाजी मी. छान. ४३ पोरांचं ओझं पुस्तकाने लादलं नाही.

सप्टेंबरची टीईटी

एक विचारू? वहीचं पान घेऊन मी काय करू? टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, येतं 'खालीलपैकी आकारिक मूल्यमापनाचं साधन कोणतं नाही'. मला आठ साधनं ओळीने पाठ लागतात. तिसऱ्यांदा बसतेय. तुम्हाला नोकऱ्या लागल्यात म्हणून व्याख्या नकोशा झाल्यात.

खडूची धूळ

हे खरंय. हिच्यापुढे माझं तोंड बंद.

प्राध्यापक सर, राग सोडा. त्या दोन्ही पानांचे फोटो वैयक्तिक निरोपात पाठवलेत, नावं झाकून. काही न सांगता तुमच्या वर्गाला तपासायला द्या.

प्राध्यापक (विनाअनुदानित) (चार दिवसांनी)

दिले. फळ्यावरच्या मूळ वजाबाक्याही लिहून दिल्या. बहुतेकांनी दोघांना ५/१० देऊन कागद परत केले. एकाने 'हस्ताक्षर सुधारणे आवश्यक' असा शेरा मारला. दोघीजणी मुलीच्या पानावर अडल्या आणि "ही उलटं वजा करते का?" असं विचारलं. पोराची गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. खरं सांगायचं तर तुम्ही इथे लिहिलं नसतं तर माझ्याही आली नसती.

याचा अर्थ पुस्तक टाकाऊ असा होत नाही. पण अजून अशी पानं असतील तर पाठवा. पुढच्या आवृत्तीत घ्या म्हणून प्रकाशकाला सांगतो. तो पानं मोजेल.

खडूची धूळ

पाठवते. भागाकाराची आहेत, दचकू नका.

दहावीचा बाप

आणि तोंडीच्या २० गुणांचं काय ठरलं?