फर्मवेअर अपडेटनंतर दोन लॅपटॉप बंद, तातडीने मदत हवी आहे

गांधीबागकर :
काल संध्याकाळी कार्यालयातील दोन्ही लॅपटॉपवर कंपनीचे फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट चालवले आणि तेव्हापासून दोन्ही सुरू होत नाहीत. दोन्ही एकाच मॉडेलचे आणि एकाच दिवशी घेतलेले असल्यामुळे दोष अपडेटमध्येच आहे, याविषयी मला शंका नाही. कापड बाजारातील अकरा व्यापाऱ्यांचे हिशेब मी टॅलीत लिहितो. आज १८ तारीख आहे आणि २० तारखेपर्यंत सर्वांचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायचे आहे. सर्व्हिस सेंटरने यंत्र न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल आणि दहा दिवस लागतील, असे सांगितले. जुने फर्मवेअर परत कसे टाकायचे, एवढेच कृपया सांगावे.

धंतोलीकर :
‘सुरू होत नाहीत’ यावरून काहीच कळत नाही. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, पडद्यावर काही अक्षरे उमटतात का, आणि दोन्ही यंत्रांची लक्षणे सारखीच आहेत का? अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना काही यंत्रे मेमरीची नव्याने जुळणी करतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. आपण किती वेळ वाट पाहिली?

गांधीबागकर :
रात्रभर वाट पाहिली. पंखे दोन्हींचे फिरतात. एकाचा पडदा काळा आहे आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो. दुसरा निळा पडदा दाखवून ४८ अंकांची कसलीशी किल्ली मागतो, जी मी आयुष्यात कधी तयार केलेली नाही. परंतु कारण एकच आहे, त्यामुळे उपायही एकच असणार.

मानेवाडा :
निळा पडदा म्हणजे विंडोज बिघडली. पेनड्राइव्हवरून नवी विंडोज टाकावी, अर्ध्या तासाचे काम आहे. सोबत रॅमही वाढवून घ्या, टॅली बरीच वेगाने चालेल.

धंतोलीकर :
गांधीबागकर, कृपया हे मुळीच करू नका. आपली डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कूटबंधनाने कुलूपबंद आहे आणि नवी विंडोज टाकताना ती पुसली गेली, तर हिशेब कायमचे जातील. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की पुष्कळ लॅपटॉपवर हे कूटबंधन आपोआप चालू होते, त्यामुळे आपल्याला ते ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. मदरबोर्डवरील टीपीएम हा सुरक्षा घटक सुरू होतानाच्या फर्मवेअरच्या नोंदी पाहूनच कुलूप उघडतो. फर्मवेअर बदलले, नोंदी जुळल्या नाहीत, म्हणून तो किल्ली मागतो आहे. अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करायचे असते, ते बहुधा राहून गेले. या यंत्रात बिघाड काहीच नाही. लॅपटॉप प्रथम ज्या खात्याने सुरू केला, त्याच खात्यात किल्ली असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

बर्डीचा कारागीर :
काळ्या पडद्याच्या यंत्राबद्दल विचारतो. अपडेट चालू असताना वीज गेली होती का, आणि बॅटरीची अवस्था कशी आहे?

गांधीबागकर :
लाईन गेली होती, पण पाच मिनिटांत परत आली, म्हणून लिहिले नाही. त्या यंत्राची बॅटरी भरलेली दाखवते, परंतु चार्जर काढल्यावर मिनिटभरही टिकत नाही.

बर्डीचा कारागीर :
मग दोष अपडेटचा नाही, अर्धवट लिहिल्या गेलेल्या चिपचा आहे. फर्मवेअर मदरबोर्डवरील आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असते. लिहिण्याच्या मध्येच वीज तुटली, तर प्रोसेसरला सुरुवात करायला धड सूचनाच मिळत नाहीत. प्रथम कंपनीच्या संकेतस्थळावरील पुनर्स्थापनेची फाइल फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ठरलेल्या कळा दाबून यंत्र सुरू करावे. एचपीत विंडोज व बी, डेलच्या बऱ्याच यंत्रांत कंट्रोल व एस्केप. आपल्या कंपनीच्या कळा तिच्या मदतपानावर मिळतील. या वेळी यूपीएस लावूनच बसावे.

हिंगणा रोड :
एवढी यातायात कशाला? मदरबोर्डवरचा सेल दहा मिनिटे काढून ठेवावा, सगळे मूळपदावर येते. माझे यंत्र असेच सुरू झाले होते.

बर्डीचा कारागीर :
आपल्या यंत्रात सेटिंग बिघडलेली असेल. सेल काढल्याने फार तर घड्याळ आणि सेटिंग पुसली जाते. तुटलेला कोड त्याने जोडला जात नाही.

हिंगणा रोड :
तसे असेल तर सीएच३४१ए प्रोग्रामर हे चिप लिहिण्याचे उपकरण काही शे रुपयांत मिळते. घरीच चिप लिहावी, दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे?

बर्डीचा कारागीर :
पैशांसाठी हे लिहीत नाही. अनेक नव्या लॅपटॉपमधील चिप १.८ व्होल्टची असते आणि त्या स्वस्त प्रोग्रामरच्या काही आवृत्त्या सिग्नलच्या तारांवर ५ व्होल्टपर्यंत दाब देतात. शिवाय यंत्राचा अनुक्रमांक आणि विंडोजचा परवाना त्याच चिपमध्ये असतो, त्यामुळे आधी जुना मजकूर वाचून जपून ठेवल्याशिवाय नवे काही लिहू नये. घरगुती प्रयोगानंतर परवाना गमावलेली यंत्रे मी टेबलावर पाहिली आहेत.

मुक्तस्रोत :
विंडोज सोडून लिनक्सकडे वळावे, हे प्रश्नच उरणार नाहीत.

धंतोलीकर :
डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपचे बायोस, म्हणजे फर्मवेअरच, बिघडले होते आणि त्या आवृत्तीचे डाउनलोड काही काळ थांबवावे लागले होते. मीही लिनक्स वापरतो, परंतु २० तारखेच्या विवरणपत्रांवर तो उपाय नाही.

काँग्रेसनगर :
जीएसटीचे संकेतस्थळ कोणत्याही संगणकावर उघडते. उशीर झाल्यास प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज लागते, म्हणून आधी टॅलीचा डेटा बाहेर काढावा, दुरुस्ती मागाहून पाहता येईल. काळ्या पडद्याच्या यंत्रातील एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, काढून यूएसबीच्या खोक्यात घालावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी.

धंतोलीकर :
हा सल्ला योग्य आहे, फक्त ती डिस्कही तिची स्वतंत्र ४८ अंकी किल्ली मागेल. मदरबोर्ड बदलला असता तरीही ती लागलीच असती, कारण टीपीएम जुन्या बोर्डावर आहे. सर्व्हिस सेंटरने हे सांगायला हवे होते.

गांधीबागकर :
दोन्ही लॅपटॉप घेताना माझ्या भाच्याने स्वतःचे खाते टाकून सुरू करून दिले होते, हे मी विसरलो होतो. तो पुण्यात असतो. त्याने आज सकाळी खाते उघडले, तेव्हा दोन्ही किल्ल्या तिथे होत्या. पडद्यावरच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरे जुळवून आम्ही योग्य ती निवडली आणि निळ्या पडद्याचे यंत्र लगेच सुरू झाले. दुसऱ्याची एसएसडी खोक्यात घालून त्याच यंत्राला जोडली, तिची किल्ली दिली आणि अकराही व्यापाऱ्यांचा डेटा उतरवून घेतला. सात विवरणपत्रे भरून झाली आहेत, उरलेली चार रात्री भरतो. पेनड्राइव्हच्या उपायाने काळ्या पडद्याचे यंत्र हलले नाही. कारागीर, उद्या ते घेऊन बर्डीला आलो तर चिप वाचून पाहाल का? दुकान किती वाजता उघडते?

बर्डीचा कारागीर :
साडेदहाला. चार्जर आणि ती बॅटरी, दोन्ही सोबत आणावे.