बेंटोनियाचे ब्लूज : घराणं म्हणायचं का?

कोमल गंधार
अमेरिकेत मिसिसिपी राज्याच्या यॅझू काउंटीत बेंटोनिया नावाचं छोटंसं गाव आहे. हेन्री स्टकी, स्किप जेम्स, जॅक ओवेन्स, जिमी 'डक' होम्स ही ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत, गाणारी-वाजवणारी सगळी मंडळी तिथली. या गावाचं गिटार लावणंच वेगळं. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत डी-ए-डी-एफ-ए-डी. नेहमीच्या लावणीतून (ट्युनिंगमधून) सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली या चार तारा दोन-दोन पडदे उतरवायच्या. पाचवी-चौथीला हात लावायचा नाही. डी हा सा धरला तर सा-प-सा, मग कोमल गंधार, वर पुन्हा प-सा. मोकळ्या तारा छेडल्या की मायनर कॉर्ड (कोमल गंधाराचा स्वरमेळ) वाजतो. तिसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी एक बोट टेकवलं की गंधार शुद्ध होतो आणि तोच मेजर. स्वतःची लावणी, स्वतःची गाणी, पुढच्या पिढीला दिलेली विद्या असं सगळं असताना याला घराणं का म्हणू नये?

खर्ज
घाई होतेय. स्टकींचं एकही ध्वनिमुद्रण हाती नाही, मग मूळ पुरुषाची गायकी ठरवायची कशावरून? जेम्सनी 1931 साली विस्कॉन्सिनच्या ग्राफ्टनमध्ये रेकॉर्डिंग केलं, त्यातल्या 18 बाजू (तबकडीची एक बाजू म्हणजे एक गाणं) निघाल्या. त्यात पियानोवरच्या चिजाही आहेत, त्यांचा या लावणीशी काय संबंध? पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेले, ते थेट 1964 साली मिसिसिपीतल्याच ट्युनिकाच्या इस्पितळात सापडले. ओवेन्स त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, म्हणजे शिष्य नव्हे, समकालीन. आणि लावणीही गावची नाही: पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कॅरिबियन सैनिकांकडून स्टकींनी ती उचलली, असं सांगतात.

कोमल गंधार
लावणी कुठून आली यापेक्षा ती कुठे मुरली हे महत्त्वाचं. आणि जेम्सना वगळलं तरी साखळी तुटत नाही. होम्स 1947 चे. ते स्टकींकडून शिकले आणि ओवेन्सकडूनही. त्यांच्या आईवडिलांनी 1948 साली काढलेला ब्लू फ्रंट कॅफे हीच या वाजवण्याची बैठक.

सहावी_तार
जे वाजवून बघणार आहेत त्यांच्यासाठी थोडं. काही जण हीच लावणी ई-बी-ई-जी-बी-ई अशी वर चढवतात. त्यात पाचवी आणि चौथी दोन-दोन पडदे ताणली जाते. जुन्या गिटारवर हे टाळाच, तार तुटते नाहीतर ब्रिज (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) उचलतो. उतरवताना अडचण उलटी: तारा ढिल्या पडतात आणि सहावी पडद्यांवर खरखरते. 13 चा जाड संच घातला तर बरंच सावरतं. उतरवताना तार हव्या त्या स्वराच्या थोडी खाली न्या आणि मग वर आणून थांबवा. नाहीतर नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत ती अडकून राहते आणि दोन मिनिटांत सुटून स्वर उतरतो. चारही तारा झाल्या की पाचवी-चौथी पुन्हा तपासा. मानेवरचा ताण कमी झाला की त्या चढतात.

सगळ्यात मोठी चूक पाचव्या पडद्यावर होते. तिथे सगळ्या तारांवर आडवं बोट टाकलं की जी मायनर वाजतो, मेजर नाही. मेजर हवा तर तिसरी तार सहाव्या पडद्यावर दाबावी लागते. मात्र या वाजवण्याचा जीव आडव्या बोटात नाहीच. खालची डी मोकळी घुमत ठेवून वरच्या तारांवर गाण्याची ओळ काढायची. म्हणून ब्लूजचा नेहमीचा 12 बारचा (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा) हिशेब इथे ठेवू नये. ओवेन्स गाता गाता ओळ लांबवतात आणि अंगठा तिच्यामागे चालतो.

खर्ज
होम्सची साखळी मान्य, माझा तो मुद्दा कच्चा होता. तरीही 'घराणं' हा शब्द मी वापरणार नाही. घराण्यात विस्ताराची शिस्त असते, इथे प्रत्येकाची लांबी-रुंदी वेगळी. आपल्याकडे तबल्यात 'बाज' म्हणतात, तो शब्द बसेल.

कोमल गंधार
बाज तर आहेच! पण जेम्सचं 'डेव्हिल गॉट माय वुमन' आणि ओवेन्सचं 'इट मस्ट हॅव बीन द डेव्हिल' लागोपाठ ऐका. चीज एकाच मुळाची. जेम्सचा आवाज वरच्या सप्तकात चढून पातळ होतो, ओवेन्स पाय आपटत तीच ओळ भरदार करतात. एकच बंदिश दोघांनी आपापल्या अंगाने मांडणं, हेच तर आपण घराण्यात ऐकतो.