मर्ल ओबेरॉनला शिव्या घालणाऱ्यांना थोडं सुनवायचंय

कोपऱ्यातली_खुर्ची
काल इथे ‘अर्धा_चहा’ यांनी जुन्या हॉलिवूडमधली नटी मर्ल ओबेरॉन हिचा फोटो टाकून खाली लिहिलं : ‘मुंबईची पोर, हॉलिवूडला गेली आणि सख्ख्या आईला मोलकरीण म्हणून मिरवलं. असल्या नट्यांचं कौतुक कशाला?’ त्याला दोनशे अंगठे. म्हणून हे लांबण.

अहो, ती सख्खी आई नव्हतीच! शार्लट ही आजी. खरी आई कॉन्स्टन्स, शार्लटचीच मुलगी, बाळंत झाली तेव्हा स्वतःच पोरवयाची. म्हणून आजी ‘आई’ झाली आणि आई ‘बहीण’. हे खोटं १९११ साली मुंबईत घरच्यांनी रचलं, हॉलिवूडने नाही.

पुढचं खोटं पोटासाठी. म्हणे जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, कागदपत्रं आगीत जळाली. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला दार लावलेलं. १९३४ पासून पडद्यावरची आचारसंहिता कडक झाली, तीत गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांना मनाई. क्वीनी थॉम्प्सन या खऱ्या नावागावाने गेली असती तर तिला गोऱ्या नायकाची नायिका कुणी केलं असतं? चहाचा ट्रे मिळाला असता हातात.

अर्धा_चहा
म्हणजे आजीला मोलकरीण केलेलं चालतं? धन्य आहे.

रेल्वे_क्वार्टर
खुर्चीताई, कायदे राहू द्या. आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात वाढलो. शेजारच्या अँग्लो-इंडियन आंटीला दोन मुली. गोरी होती ती ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. सावळी राहिली, तिनेच आंटीचं शेवटपर्यंत केलं. गोरीचं पत्र नाताळला यायचं, तेही पुढे थांबलं. ‘परिस्थिती’ दोघींची एकच होती ना? मी माफ करत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची
पण मर्लने आजीला टाकलं नव्हतं, सोबत नेलं, सांभाळलं. १९३७ मध्ये शार्लट गेली ती तिच्याजवळच.

अर्धा_चहा
आणि नंतर त्या आजीचं चित्र काढवून घेतलं, रंग उजळवून. तेही सांगा की.

कोपऱ्यातली_खुर्ची
सांगते. घेतलं. त्याचं मलाही वाईट वाटतं. झालं समाधान?

प्रकाशयोजना
मुद्द्याचं कुणी बोलणार आहे का? १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे तिचा नवरा झालेल्या छायाचित्रकार ल्युसिअन बॅलार्डने ते दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्यालगत लावायचा दिवा काढला. त्याला तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणतात. आम्ही लग्नाच्या शूटिंगला तेच करतो, नवरी उजळ दिसते.

खडूस_काकू
उजळच का दिसायला हवी हो? १९९४ साली माझ्या आईने स्थळाच्या माहितीत लिहिलं, ‘गव्हाळ’. बघायला आलेल्या मुलाची आत्या पोह्यांची बशी हातात धरून म्हणाली, ‘हा गहू जरा भाजलेला दिसतो.’ आणि तुम्ही मर्लला खोटारडी म्हणता! आपल्याकडे घरटी एक टास्मानिया आहे.

शेतकरी_पुत्र
गव्हाळ म्हणजे नक्की कुठला गहू? लोकवन वेगळा, खपली वेगळी. खपली चांगली तांबूस असते.

खडूस_काकू
मी खपली. आई लोकवन सांगत होती.

शेतकरी_पुत्र
मग ती फसवणूकच झाली.

खडूस_काकू
तोंड सांभाळून. माझ्या आईबद्दल बोलताय. ती बिचारी चार मुली उजवायच्या म्हणून लिहीत होती.

प्रकाशयोजना
सिहोर राहिला.

रेल्वे_क्वार्टर
धागा कुणाचा आणि पीठ कुणाचं दळताय!

कोपऱ्यातली_खुर्ची
दळू द्या, मर्लचीच गोष्ट चाललीय. मुंबई सुटल्यावर ती कलकत्त्यात वाढली, तिथल्या शाळेत तिच्या मिश्र रक्तावरून मुलींनी छळलं. १९३५ च्या ‘द डार्क एंजेल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला, पण मुख्य अभिनेत्रीसाठी आशियाई वंशाचं नामांकन ते पहिलं. २०२३ मध्ये मलेशियाच्या मिशेल योला तेच नामांकन मिळालं, तेव्हा बातम्या देणाऱ्यांना ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ अशी कसरत करावी लागली, ती हिच्यामुळे.

अर्धा_चहा
बरोबर. कारण ही कधी म्हणालीच नाही. १९७८ मध्ये टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टला तिचा सत्कार ठेवला, तिथेही गोंधळ घालून निघाली. हॉलिवूड सोडून झालं होतं, पैसा होता, वय साठीपलीकडे. तेव्हा कुठला कायदा आडवा येत होता?

कोपऱ्यातली_खुर्ची
पन्नास वर्षं बोललेलं खोटं मोडायचं म्हणजे सगळी हयात मोडायची. पुढच्याच वर्षी गेली ती. पण मान्य, त्या दिवशी बोलायला हवं होतं.

खडूस_काकू
मी अजून नवऱ्याला लोकवनच सांगते.

अर्धा_चहा
पोस्टमध्ये दुरुस्ती केली आहे. ‘सख्ख्या आईला’ऐवजी ‘सख्ख्या आजीला’. बाकी मजकूर तसाच राहील. अंगठे दोनशे चाळीस झालेत.