साखळी टक्कर: मागून मला ठोकलं, मी पुढच्यावर गेलो. भरपाई कोणाच्या गळ्यात?

मधलीगाडी

नमस्कार मंडळी. मोटार विमा आणि अपघाताचे दावे यातलं कळणारं कोणी असेल तर मदत हवी आहे.

परवा संध्याकाळी सिग्नलच्या रांगेत उभा होतो. पुढे पांढरी सेडान, मध्ये मी. मागून पिकअप टेम्पो आला आणि दणकन ठोकलं. त्या धक्क्याने माझी गाडी पुढे जाऊन सेडानवर आदळली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. माझी डिकी आत गेली आहे, पुढचा बंपर फुटलाय, रेडिएटर गळतोय. सेडानचा मागचा बंपर आणि एक टेललाइट गेला.

सेडानवाले म्हणतात, "मला तुमच्या गाडीने ठोकलं, टेम्पोशी माझा काय संबंध? तुम्ही भरा आणि नंतर त्याच्याकडून वसूल करा." टेम्पोचा ड्रायव्हर मला म्हणतो, "तुम्हीच अचानक ब्रेक मारलात." टेम्पो त्याचा नाहीच, मालक फोन उचलत नाही. चौकीत स्टेशन डायरीला नोंद झाली आणि "आपसात मिटवा" असा सल्ला मिळाला.

आता सेडानवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवलाय: "माझ्या गाडीची धडक बसून आपले नुकसान झाले, ते मी भरून देईन." यावर सही करून पाठवा म्हणून मागे लागलेत. माणूस सभ्य वाटतो, वाईटपणा घ्यायची इच्छा नाही. सही करावी का? पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे (म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणारी), नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोचलाय, डॅशकॅम फक्त पुढचा आहे.

हायवेकर

मागून ठोकणारा दोषी. विषय संपला. टेम्पोवाल्याला धरा.

जुनाकज्जा

सही अजिबात करू नका, हे आधी. पॉलिसीच्या अटी काढून वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, अशी अट त्यात असते. सभ्यपणापोटी सही कराल आणि उद्या तुमचीच कंपनी हात वर करेल.

हायवेकर, विषय इतका सरळ नाही हो. मागच्याने पुरेसं अंतर ठेवलंच पाहिजे, पुढचा एकदम थांबला तरी आपल्याला थांबता येईल इतकं, हा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीत होता. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याच नियमावर बोट ठेवलं. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला म्हणून कार मागून धडकली, अशी ती केस. दोन वाहनांत अंतर होतं जेमतेम १०-१५ फूट. दोष कारचालकाचा धरला गेला. ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते. १५ फुटांत कोणाचा पाय ब्रेकपर्यंत पोचणार?

पण त्याच कोर्टाचा २०२५ चा निकालही बघा. हायवेवर कारवाल्याने इशारा न देता मध्येच गाडी थांबवली, मागचा दुचाकीस्वार त्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पत्नीला उलटीसारखं होत होतं हे कारवाल्याचं कारण कोर्टाला पटलं नाही. दोषाची वाटणी झाली: कार ५० टक्के, बस ३०, दुचाकीस्वार २०. म्हणजे मागच्यावर दोष येतो तो बहुतेकदा, दरवेळी नाही. टेम्पोवाला "अचानक ब्रेक" का म्हणतोय ते यावरून कळेल.

तुमच्या बाबतीत सगळं एकाच गोष्टीवर अडतं: टेम्पोने ठोकलं तेव्हा तुम्ही पूर्ण थांबलेले होतात की नाही. थांबलेले असाल तर तुमची गाडी नुसती ढकलली गेली, दोन्हीकडच्या नुकसानीची जबाबदारी टेम्पोची. पण आधी तुम्ही सेडानला टेकलात आणि मग टेम्पो आला असं निघालं, तर पुढच्याचं काही तुमच्या अंगावर येईल. मालक फोन उचलत नाही याची फार काळजी नको. कामावरच्या ड्रायव्हरच्या चुकीला मालकही जबाबदार असतो. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका, टेम्पोचा विमा कोणाचा आणि चालू आहे का ते दिसेल.

निवृत्त_सर्व्हेअर

वरचं बरोबर आहे, पुराव्याचं मी सांगतो. डॅशकॅम पुढचा असला तरी चालेल. समोरची सेडान स्थिर दिसतेय, अंतर तेवढंच आहे आणि मग एकदम चित्र हलतं, एवढं दिसलं तरी पुष्कळ. कार्ड आजच कॅमेऱ्यातून काढा. हे कॅमेरे जुन्यावर नवीन रेकॉर्ड करत जातात, गाडी फिरवत राहाल तर फुटेज पुसलं जाईल. मूळ फाइल तशीच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली नको.

सेडानवाल्यांना शांतपणे विचारा: दणका एक बसला की दोन? ढकललेल्या गाडीचा एकच बसतो. दोन म्हणाले तर भानगड आहे.

आणखी एक. जोरात ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली झुकतं, त्यामुळे धडकेची खूण पुढच्या गाडीच्या बंपरवर खालच्या अंगाला उमटते. उभी गाडी ढकलली गेली तर खुणा साधारण बंपरला बंपर अशा समोरासमोर येतात. दोन्ही गाड्यांचे बाजूने, जमिनीलगत कॅमेरा धरून फोटो काढून ठेवा. एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर ते बघतो. तोपर्यंत बंपर बदलू नका, सुटलेले तुकडे डिकीत टाका (लागत असेल तर!).

मधलीगाडी

धन्यवाद! फुटेज आहे. मी थांबल्यावर सेडान स्थिर दिसते, मग धक्का. सेडानवाल्यांनाही आवाज एकच आल्याचं आठवतंय. सही करणार नाही असं कळवलं, थोडे नाराज आहेत. माझी दुरुस्ती माझ्याच पॉलिसीतून करावी का? बोनस जाईल ना?

निवृत्त_सर्व्हेअर

जाईल. चूक कोणाचीही असो, स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्यावर येतो, बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन घेतलं नसेल तर. तरी डिकी, बंपर आणि रेडिएटर असं तिन्ही गेलंय, त्यामुळे बोनस आणि दुरुस्तीचा खर्च समोरासमोर मांडून बघा. मला वाटतं क्लेमच परवडेल. घटना तर कंपनीला आजच कळवा, क्लेम घ्या वा न घ्या.

जुनाकज्जा

दुसरा रस्ता टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्याचा. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा तिथे चालतो, फक्त माणूस जखमी झाला तरच असं नाही. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. बंपरसाठी कोणी तिथे खेटे घालत नाही हे खरं, पण सेडानवाल्यांना हे सांगा: त्यांची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर तेही आधी स्वतःच्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेऊ शकतात. आणि डायरीतल्या नोंदीची प्रत घेतलीत का? त्यात टेम्पोचा नंबर बरोबर लिहिलाय ना, तेवढं स्वतः वाचून या.

मधलीगाडी

प्रत आज घेतली. नंबरात एक आकडा चुकलाय. उद्या सकाळी परत चौकीत जातोय, आरसीचा फोटो घेऊन.