पावसाळ्यात मुलांच्या रोजच्या व्यायामाचे काय करावे?

फोंड्यातील पालक: आमची मुलगी नऊ वर्षांची असून मुलगा सहा वर्षांचा आहे. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलाने भरलेली असतात, समुद्रात उतरणे धोक्याचे असते आणि शाळेतून आल्यावर दोघेही मोबाइलपुढे बसतात. घरातल्या घरात किती व्यायाम पुरेसा ठरेल?

डिचोलीकर: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायामही त्यात असावेत. हा तास सलग असण्याची अट नाही. सकाळी सोप्यावर (ओसरीवर) दोरीवरच्या उड्या, संध्याकाळी आजीसोबत फुगडी, असे तुकडे चालतात. फुगडीने किती दम लागतो हे स्वतः घालून पाहावे!

पेडण्याची आई: चिखलाचा एवढा बाऊ कशासाठी? गोव्यातील मुले भर पावसात फुटबॉल खेळतात. मात्र विजा चमकत असताना मैदान सोडावे, पाण्याने भरलेल्या खाणींच्या खड्ड्यांजवळ फिरकू नये आणि पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असल्यामुळे, साचलेल्या पाण्यात उतरू नये.

डिचोलीकर: हे मान्य आहे. प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितलेला असल्यामुळे पालकांनीही सोबत खेळावे, केवळ कडेला छत्री धरून उभे राहू नये.

फोंड्यातील पालक: आभारी आहे. आज दोरी आणतो.