अनुभव धागा : गाडी धूर कधी मारते?

गाडी धूर मारायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'इंजिन कामाला आलंय.' पुष्कळदा इंजिन उघडायची गरजच नसते, आणि असली तर ती आधी तपासून कळते. धुराचा रंग सगळेच सांगतात. इथे धूर कधी येतो, वास कसला, कोणती पातळी उतरते आणि पुढे नेमकं काय तपासायचं, ते लिहा. आकडे आणि पार्टची नावं जरूर द्या.

पेट्रोल इंजिनवाले

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते वरून उतरतंय की खालून चढतंय, यावर खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका आला आणि मिनिटभरात थांबला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारे) कडक झालेत. दुसरी खूण घाटात दिसते. कसारा गिअरमध्ये पाय सोडून उतरा आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा. उतारावर थ्रॉटल बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) ओढ वाढते, सीलमधून ऑइल खाली खेचलं जातं आणि पाय दाबताच ते मागे भपकन निघतं. जोर लावताना सतत निळा धूर आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक वाफ असेल तर संशय रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर; ऑइल तिथून खालून चढतं.

खात्री काँप्रेशन टेस्टने करा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १५० ते १८० पीएसआय मिळतं. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांच्या वर नको. जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात १० मिली ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

सील बदलायला हेड उतरवावंच लागतं असं नाही. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा धरली की व्हॉल्व्ह खाली पडत नाही आणि स्प्रिंग काढता येते.

वरच्याला जोड

या सगळ्याच्या आधी डिपस्टिक बघा. ऑइल मॅक्सच्या वर असेल तरी गाडी निळा धूर मारते. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या खालच्या पोकळीतला, म्हणजे क्रॅंककेसमधला वायू इनटेकमध्ये सोडणारा) तुंबला की तिथला दाब ऑइलला इनटेककडे ढकलतो. व्हॉल्व्ह काढून हलवा; बऱ्याच जातींत आतली पिन खुळखुळते. आवाज नाही तर बदला.

डिझेल, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाचं डिझेल)

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. म्हणून आधी हवेचा रस्ता तपासावा. इंजेक्टर सगळ्यात शेवटी. क्रम असा: एअर फिल्टर, मग टर्बोपासून (हवा दाबून भरणारा) इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे होज. होज बहुधा क्लिपच्या खाली, नजरेआड फाटतो. पिकअप गेलाय, जोर लावताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि त्याच वेळी काळा ढग निघतो, ही त्याची ओळख. साबणाचं पाणी लावून कमी दाबाची हवा भरली की बुडबुडे जागा दाखवतात. मग ईजीआर (जळका वायू परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह): काजळीने उघडा अडकला तर ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो. एअर-फ्लो सेन्सर फक्त त्याच्या खास क्लीनरने धुवा. कार्ब्युरेटर क्लीनरने तो जातो.

इंजेक्टरसाठी लीक-ऑफ टेस्ट: रिटर्न नळ्या (जादा डिझेल परत नेणाऱ्या) काढून प्रत्येकाला सारखी बाटली लावा आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो झिजलाय. मात्र इथे बऱ्याच जणांची चूक होते: लीक-ऑफ ठीक आला म्हणजे नोझल चांगला, असं नाही. नोझल टपकतोय का ते बेंचवरच कळतं. बसवताना तांब्याचा वॉशर नवा घ्या, आणि इंजेक्टरला कोड असेल तर तो ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरा. चालू इंजिनवर रेलची नळी सैल करू नका; दाब १,००० बारच्या वर जातो, डिझेल कातडीत घुसतं.

पांढऱ्या धुराबद्दल

थंडीत सकाळी निघणारी आणि गाडी तापल्यावर थांबणारी वाफ सोडून द्या. डोळे झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत तापणारे) मोजा. धातूच्या प्लगचा रोध साधारण ०.५ ते २ ओहम येतो; अनंत दाखवला तर प्लग मेला. पेट्रोल असो की डिझेल, गोडसर वास आणि कूलंट कमी होणं एकत्र आलं तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. पण डिझेलमध्ये हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलरची (जळका वायू कूलंटने थंड करणाऱ्या भागाची) प्रेशर टेस्ट करा. तो गळाला तरी लक्षणं हुबेहूब तीच, आणि हेडचा खर्च वाया जातो. हेड उतरलंच तर पट्टी आणि फिलर गेजने सपाटी मोजा. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिमीच्या पुढे वाक असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करून घेणं) लागतं. ताणून बसवायचे हेड बोल्ट पुन्हा वापरू नका.

बीएस-६ डिझेल

या गाडीने काळा धूर मारणं अजिबात नॉर्मल नाही. डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) तडकलाय किंवा कोणी काढून टाकलाय. रीजनरेशन (त्या फिल्टरमधली काजळी जाळणं) सारखं अर्धवट राहिलं तर डिझेल सम्पमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. अशा वेळी ऑइल लगेच बदला, कमी राखेचं.

एक धोक्याची सूचना

टर्बोचं सील गेलं की डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटू शकतं. निळा-पांढरा ढग येतो, आरपीएम चढत जातो आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा; इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिकला हा उपाय चालत नाही, सगळ्यांना उतरवून लांब जा. इनटेकवर हात कधीही ठेवू नका.